जुन्या गार्डन ट्रॅक्टरला दुसरा मोअर डेक बसवताना: जुळणी, मापं आणि बडोद्यातली शोधाशोध

गार्डन ट्रॅक्टरमध्ये, म्हणजे बागेतलं गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये, सगळ्यात आधी कुजतो तो मोअर डेक, म्हणजे पोटाखाली टांगलेला, पाती बसवलेला पत्र्याचा खोका. इंजिन, गिअरबॉक्स, फ्रेम जाड लोखंडाची. वीस-तीस वर्षं काढूनही त्यांना फारसं काही होत नाही. डेक मात्र दोन-अडीच मिलिमीटर पत्र्याचा, आणि आतून पावसाळाभर ओलं गवत चिकटलेलं. बडोद्याभोवती, सेवासी-भायली-सिंधरोटकडच्या फार्महाउसांत, शाळांच्या मैदानांवर, कारखान्यांच्या वसाहतींत असे ट्रॅक्टर उभे दिसतात. सुरू होतात, पुढे-मागे जातात, पण गवत कापत नाहीत. चौकशी केली की उत्तर मिळतं, ‘डेक मिळत नाही आता, मशीन काढून टाका.’ मला ते पटत नाही. धडधाकट ट्रॅक्टर निव्वळ डेकपायी भंगारात जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शोध सुरू करताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो इंचांचा: ‘बेचाळीसचा डेक आहे का?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. दोन बेचाळीस इंची डेक एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले असू शकतात. डेक जुळतो की नाही हे ठरतं चार गोष्टींवर: तो ट्रॅक्टरला टांगला कसा जातो, इंजिनची ताकद त्याच्यापर्यंत येते कशी, पोटाखाली जागा किती आहे, आणि पाती किती वेगाने फिरणार. रुंदीचा विचार त्यानंतर.

आधी बघा, डेक खरोखर गेलाय का

प्लगची वायर काढा आणि ती परत प्लगला टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवा. डेकखाली हात घालण्यापूर्वीची ही पायरी कधीही गाळू नका. पातं हाताने फिरवलं तरी पट्ट्यावाटे इंजिन फिरू शकतं. ट्रॅक्टर उचलायचा असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा.

डेक म्हणजे एकच वस्तू नव्हे. पत्र्याचा खोका, त्यात बसवलेले स्पिंडल (पाती ज्यांवर फिरतात ते आस), वरच्या पुल्या, आयडलर (बेल्ट ताणून धरणारी मोकळी पुली), बेल्ट आणि टांगणीचे दुवे मिळून तो बनतो. यातलं नेमकं काय गेलंय ते आधी कळू द्या. खोका खरवडून स्वच्छ करा आणि जाड स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक स्पिंडलच्या बैठकीभोवती वीतभर जागा दाबून, ठोकून बघा. तिथे पत्रा लवत असेल, बोल्टच्या भोकांपासून चिरा निघाल्या असतील, तर खोक्याचा जीव गेला. भोकं नुसती कडेला किंवा गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडाशी पडली असतील तर मात्र घाबरू नका. तिथे पत्र्याचं ठिगळ छान बसतं आणि बरीच वर्षं टिकतं.

मग पातं. टोक हातात धरून (जाड हातमोजे घालून) वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं. नंतर सपाट फरशीवर उभं करून एका टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा, पातं अर्धा फेरा फिरवा आणि त्याच जागी दुसऱ्या टोकाची मोजा. फरक तीन मिलिमीटरहून जास्त आला तर पातं वाकलंय किंवा स्पिंडल. शेजारचं सारखंच पातं तिथे लावून पुन्हा मोजा. फरक तसाच राहिला तर दोष स्पिंडलचा. एवढ्याने बऱ्याचदा कळतं की नवा डेक नकोच आहे, एक स्पिंडल आणि दोन ठिगळं पुरेशी आहेत. एकाहून जास्त बैठकी फाटल्या असतील तरच पुढचं वाचा.

नंबराची पाटी

कुठलंही माप घेण्याआधी ट्रॅक्टरचा मॉडेल नंबर हवा. हुडवरचं मोठं नाव कामाचं नाही. एकाच नावाखाली वर्षानुवर्षं वेगवेगळी यंत्रं निघाली. पाटी सहसा सीटखाली, मागच्या मडगार्डखाली किंवा डॅशबोर्डच्या खाली फ्रेमवर असते. तिच्यावर ग्रीस आणि धूळ मिळून घट्ट काळा थर बसलेला असतो. तारेचा ब्रश चालवू नका. छापील पाटीची अक्षरं त्याने कायमची जातात. केरोसीनमध्ये भिजवलेलं मऊ फडकं थोडा वेळ ठेवून हलकेच पुसा, टॉर्च पाटीला लागून तिरपा धरा आणि फोटो काढा. ठोकून काढलेला नंबर असेल तर वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, अंक उमटतात.

पाटीच नसेल तर इंजिनवरून वयाचा अंदाज काढता येतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर असतात. कोडचे पहिले दोन अंक साल, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन तारीख. कोड ८५०४१२ ने सुरू होत असेल तर इंजिन १२ एप्रिल १९८५ चं. फक्त एक ध्यानात ठेवा, आपल्याकडे इंजिन बदललेले ट्रॅक्टर पुष्कळ आहेत, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरत नाही. जुन्या डेकवरही वेगळी पाटी असू शकते; खोका भंगारात देण्यापूर्वी ती वाचून घ्या.

नंबर हाती आला की त्या मॉडेलचं पार्ट्सचं पुस्तक मिळवा. जॉन डिअर, हुस्कवार्ना, टोरो या कंपन्या जुन्या मॉडेलांची चित्रं इंटरनेटवर फुकट बघू देतात. डेकच्या पानावर प्रत्येक सुट्या भागाला नंबर असतो. त्यातले टांगणीच्या दुव्यांचे, स्पिंडलचे आणि पीटीओ पुलीचे (इंजिनची ताकद बाहेर देणाऱ्या पुलीचे) नंबर वहीत उतरवा, आणि तेच नंबर दुसऱ्या कुठल्या मॉडेलांच्या यादीत येतात ते शोधा. टांगणीचा दुवा ज्या दुसऱ्या मॉडेलला तोच आहे, त्याचा डेक तुमच्याला लागण्याची दाट शक्यता असते. जुळणीचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. विकणाऱ्याच्या ‘लागतो साहेब, सगळ्याला लागतो’ यावर जाऊ नका.

रंग वेगळा, घराणं एक

इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. अमेरिकेत गार्डन ट्रॅक्टरची नावं खूप, पण बनवणारे कारखाने मोजके. सिअर्स या अमेरिकन दुकान-साखळीचा क्राफ्ट्समन सिअर्सने कधी स्वतः बनवलाच नाही. त्याचा मॉडेल नंबर ९१७ ने सुरू होत असेल तर तो रोपर किंवा नंतरच्या अमेरिकन यार्ड प्रॉडक्ट्सचा, म्हणजे आजच्या हुस्कवार्नाच्या घराण्यातला. पोलन प्रोचे आणि हुस्कवार्नाचे बरेच डेक त्याला जवळचे. २४७ ने सुरू होत असेल तर तो एमटीडी या दुसऱ्या कंपनीचा. दोन्हींवर नाव एकच, पण डेक अदलाबदल होत नाहीत. पात्याच्या मधल्या भोकावरूनही घराणं कळतं: रोपर-हुस्कवार्नाच्या बऱ्याच पात्यांना पाच टोकांची चांदणी, एमटीडीच्यांना सहा टोकांची.

कब कॅडेट १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने काढला आणि १९८१ मध्ये एमटीडीने विकत घेतला. त्याच्या आधीच्या नि नंतरच्या यंत्रांना एकाच मापाने मोजू नका. हार्वेस्टरच्या काळातसुद्धा अरुंद फ्रेमची आणि रुंद फ्रेमची मॉडेलं वेगळी, त्यांची टांगणीही वेगळी. व्हील हॉर्स १९८६ पासून टोरोकडे गेला, त्यामुळे त्या सुमाराच्या यंत्रांची माहिती टोरोकडे सापडते. अ‍ॅलिस-चामर्सचे छोटे ट्रॅक्टर सिम्प्लिसिटीने बनवले. केशरी-पिवळा अ‍ॅलिस उभा असेल तर सिम्प्लिसिटीच्या नावानेही शोधा. जॉन डिअरचं मात्र बहुतांशी आपलं आपल्यात. तिथे अडचण वेगळी असते: त्याच कंपनीच्या शेजारशेजारच्या मॉडेलांनाही टांगणी बदललेली निघते.

ताकद डेकपर्यंत येते कशी

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे थांबून नीट बघा. तीन प्रकार आहेत.

पहिला, उभ्या शाफ्टचं इंजिन. पुली इंजिनच्या खाली, बहुधा इलेक्ट्रिक क्लचसकट, आणि बेल्ट जमिनीला समांतर सरळ डेकवर जातो. दुसरा, आडव्या शाफ्टचं इंजिन, जुन्या कोलर कंपनीच्या के-मालिकेसारखं. पुली समोर उभी फिरते आणि डेकच्या पुल्या आडव्या. मध्ये दोन आयडलर पुल्यांची एक चौकट असते, ती बेल्टला उभ्याचा आडवा करते. तिला म्यूल ड्राइव्ह म्हणतात. तिसरा, शाफ्टचा: ट्रॅक्टरच्या पोटातून शाफ्ट निघतो, क्रॉस-जॉइंटने डेकवरच्या गिअरबॉक्सला जोडतो.

एका प्रकारचा डेक दुसऱ्या प्रकारच्या ट्रॅक्टरला लावणं जमतं, पण ते काम डेक बदलण्याचं राहत नाही, अर्धा ट्रॅक्टर नव्याने बांधण्याचं होतं. म्हणून प्रकार तोच असलेला डेकच शोधा. जुना डेक विकत घेताना म्यूल ड्राइव्ह, टांगणीच्या पट्ट्या, उचलण्याचे दुवे, पिना आणि बेल्टची गार्डं त्याच्यासोबत आहेत का ते आधी विचारा. खोका पुन्हा बनवता येतो, स्पिंडल मिळतात. ही मधली जोडणी मात्र भंगारात पहिली हरवते आणि नंतर कुठेच सापडत नाही. पडका खोका पण जोडणी पूर्ण, असा डेक चकचकीत रंगवलेल्या नुसत्या खोक्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीचा समजा.

शाफ्टच्या प्रकारात तीन गोष्टी तपासा: शाफ्टवर दात किती, मिनिटाला फेरे किती, दिशा कोणती. पोटातल्या पीटीओला बहुधा १५ दाती, एक इंची शाफ्ट असतो आणि २,००० च्या आसपास फेरे. मागच्या ५४० च्या पीटीओला ६ दाती, एक पूर्णांक तीन अष्टमांश इंची. आपल्याकडचा मिस्त्री ट्रॅक्टर म्हटलं की ५४० च धरून चालतो, त्याला आधीच सांगा. दिशा उलटी निघाली तर डेक घेऊ नका. पात्याची धार पुढे आणि वर वळलेला पंख मागे, अशीच फेरी हवी. उलटं फिरणारं पातं गवत कापत नाही, झोडपतं. बहुतेक डेक वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि गवत उजवीकडे फेकतात. प्लगची वायर काढलेली असतानाच इंजिन हाताने फिरवून ही दिशा खडूने ट्रॅक्टरवर आखून ठेवा.

मापं, खडू आणि फ्रिजचा पुठ्ठा

सपाट जागा निवडा आणि चारही टायरांत पुस्तिकेप्रमाणे हवा भरा. टायर मूळ मापाचेच आहेत का ते बघा. गार्डन ट्रॅक्टरला मागे पुष्कळदा २३×१०.५०-१२ मापाचे टायर असतात. ते मिळाले नाहीत म्हणून इथे दुसरेच काही चढवलेले असतात. टायर उंच झाला की डेकची सगळी उंची बदलते, आणि मग नवा डेक ‘बसत नाही’ असं वाटतं.

आता ओळंबा घ्या. पुढच्या धुऱ्याच्या मधोमध आणि मागच्या धुऱ्याच्या मधोमध सोडून फरशीवर खुणा करा, त्या जोडा. ही तुमची मधली रेघ. टांगणीची प्रत्येक पिन, पीटीओ पुलीचा मध्य आणि पुलीची खाच यांच्या जागा ओळंब्याने फरशीवर उतरवा आणि मधल्या रेघेपासूनची, मागच्या धुऱ्यापासूनची अंतरं लिहा. प्रत्येकाची जमिनीपासूनची उंची वेगळी लिहा. पिनांची जाडी व्हर्नियरने घ्या. १२.७ किंवा १५.९ आली तर गोंधळू नका, ते अर्धा आणि पाच अष्टमांश इंच आहेत.

मग जागेचं माप. पुढच्या टायरच्या मागच्या कडेपासून मागच्या टायरच्या पुढच्या कडेपर्यंत किती जागा आहे? स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून मोजा, कारण वळलेला टायर मागे येतो आणि डेकच्या कोपऱ्याला नेमका तिथेच घासतो. डेक पूर्ण उचलल्यावर पुल्या आणि वरची फ्रेम यांच्यात जागा किती राहते तेही बघा.

विचारात असलेल्या डेकचं वरून दिसणारं चित्र कागदावर मिळालं की फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेऊन त्या मापाचा आकार कापा. टांगणीच्या आणि मधल्या पुलीच्या जागी भोकं पाडा, पुठ्ठा ट्रॅक्टरखाली सरकवा आणि फरशीवरच्या खुणांशी जुळवा. मग स्टीअरिंग फिरवा. कुठे अडतंय ते डोळ्यांना दिसतं. डेक विकणारा सुरतेला असो की अमेरिकेत, पैसे देण्यापूर्वी एवढं कराच.

रुंदी ठरवायची ती इथे. डेक निदान न फेकणाऱ्या बाजूला तरी मागच्या टायरच्या बाहेर थोडा यायला हवा, नाहीतर कुंपणाकडेचं गवत राहतं आणि टायर न कापलेल्या गवतावरून जातो. आणि इंजिनच्या मानाने फार मोठा डेक लावू नका. दहा-बारा अश्वशक्तीच्या जुन्या एक-सिलिंडर कोलरला ३८ किंवा ४२ इंच पुष्कळ झालं. भाद्रपदातल्या ओल्या हरळीत पन्नास इंची डेक ओढताना ते इंजिन दमतं.

पात्याच्या वेगाचा हिशोब

सुरक्षेशी थेट संबंध असलेला हा भाग कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या एएनएसआय (राष्ट्रीय मानक संस्था) बी७१.१ मानकाप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाता कामा नये. वेग जास्त झाला की उडालेला खडा गोळीसारखा जातो, पात्यावरचा ताणही हाताबाहेर जातो. याचा अर्थ १६ इंची पात्याला सुमारे ४,५०० फेरे, १८ इंचीला सुमारे ४,००० आणि २१ इंचीला सुमारे ३,४५० फेरे ही शेवटची मर्यादा.

पात्याचे फेरे काढायचे ते असे: इंजिनचे फेरे गुणिले इंजिनवरच्या पुलीचा व्यास, भागिले स्पिंडलवरच्या पुलीचा व्यास. समजा इंजिन ३,६०० फेऱ्यांचं, इंजिनवरची पुली ६ इंची, स्पिंडलची ५ इंची. पातं ४,३२० फेऱ्यांनी फिरेल. १६ इंची पात्याला हे चालतं. पण १८ इंची पातं लावलं तर टोक मिनिटाला वीस हजार फुटांच्या वर जाईल. तो डेक तसाच वापरणं धोक्याचं.

म्हणूनच तीन पात्यांच्या ४८ इंची डेकच्या जागी दोन पात्यांचा ४२ इंची लावताना ‘छोटा डेक, सोपं काम’ असं धरू नका. दोन पात्यांच्या डेकमध्ये प्रत्येक पातं मोठं, एकवीस इंचांच्या आसपास असतं, आणि त्याला फेरे कमी हवेत. गरज पडली तर स्पिंडलची पुली मोठी करा. फार कमी वेगही बरा नाही, पात्याचा पंख गवत उभं करत नाही आणि शेंडे फाटून पिवळे पडतात.

डेक शोधायचा कुठे

बडोद्यात तयार डेकचं दुकान नाही, पण यंत्रं आहेत. रिफायनरी, फर्टिलायझरनगर यांसारख्या मोठ्या वसाहतींची मैदानं, लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातलं गोल्फचं मैदान, क्लब, मोठ्या शाळा अशा ठिकाणी माळी आणि यंत्रं सांभाळणारे मिस्त्री यांच्याशी ओळख ठेवा. जुनं मशीन कधी निघणार हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. सरकारी कंपन्यांचं भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातं. तिथे मोठमोठे ढीग एकत्र निघतात, त्यामुळे स्वतः बोली लावण्यापेक्षा असे ढीग उचलणाऱ्या भंगारवाल्याला डेकचा फोटो देऊन ठेवणं सोपं. नवरात्रीच्या आधी गरब्याची मैदानं तयार करायची घाई असते तेव्हा काही मिळणार नाही. दिवाळीनंतर शोधाला लागा, उन्हाळ्यात डेक चढवा आणि पहिल्या पावसाआधी चाचणी उरका.

परदेशातून अख्खा डेक मागवायचा झाला तर हवाई कुरिअरचा विचार सोडा. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि ते वजन धरून पैसे घेतात. ४८ इंची डेकची पेटी १३०×१००×३५ धरली तर ९१ किलो होतात, खरं वजन त्याच्या निम्मं असलं तरी. बोटीने मागवता येतो, मात्र वापरलेल्या मालाच्या आयातीचे नियम वेगळे आहेत. पैसे पाठवण्याआधी कस्टम एजंटला विचारा.

माझं मत असं की अख्खा डेक मागवण्यापेक्षा स्पिंडल, पाती, आयडलर आणि त्यांचे खास बोल्ट एवढंच बाहेरून आणावं आणि खोका इथे बनवावा. बडोद्यातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. स्पिंडल दोन-तीन किलोंचा असतो, येणाऱ्याच्या बॅगेत बसतो. पाती मात्र चेक-इन बॅगेतच ठेवायला सांगा.

मकरपुऱ्यात खोका बनवून घेताना

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेझर कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग सगळं जवळजवळ होतं. काम करणारे हुशार आहेत, पण मोअर डेक त्यांनी पाहिलेला नसतो, म्हणून जुना खोका कितीही कुजलेला असला तरी सोबत न्या. वरचा पत्रा तीन मिलिमीटर माइल्ड स्टीलचा घ्या, स्पिंडलच्या बैठकीखाली सहा मिलिमीटरची चकती वेल्ड करा. बाजूच्या भिंतींची उंची जुन्याइतकीच ठेवा. उंची कमी केली की हवेचा झोत बसत नाही, जास्त केली की डेक पूर्ण उचलला तरी जमिनीला लागतो.

स्पिंडलची भोकं वेल्डिंगच्या आधी पाडून चालणार नाही. जाड चकत्या वेल्ड करताना पत्रा ओढला जातो आणि केंद्र सरकतात. आधी सगळं वेल्ड होऊन थंड होऊ द्या, मग एकाच सेटिंगमध्ये बोअर आणि बोल्टची भोकं करून घ्या. तिन्ही स्पिंडल एका पातळीत आहेत ना, हे तिथेच सरळ पट्टी लावून बघा. शेजारच्या दोन पात्यांच्या फेऱ्या साधारण इंचभर एकमेकांवर यायला हव्यात, नाहीतर मध्ये न कापलेली गवताची शेंडी उभी राहते. त्याचसाठी मधलं पातं थोडं पुढे असतं.

बाहेर फेकणाऱ्या तोंडावरचं झाकण, त्याची स्प्रिंग आणि पुल्यांवरची गार्डं बनवल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका. सीटखालच्या स्विचच्या वायरी एकमेकींना जोडून तो निकामी करायला कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. ड्रायव्हर उतरला की पाती थांबवणारा तोच.

पाती कधीही इथे घडवू नका. कमानपाट्याचं लोखंड कडक असतं म्हणून त्याची पाती करून देणारे भेटतात. मोअरचं पातं मुद्दाम चिवट ठेवलेलं असतं, दगड लागला तर ते वाकतं; कडक पाटा तुटतो आणि तुकडा उडतो. पात्याला वेल्डिंग, गरम करून सरळ करणं, तेही नको.

बेअरिंग आणि बेल्टचे नंबर

स्पिंडलमध्ये बहुधा ६२०३, ६२०४ किंवा ६२०५ मालिकेची दोन्हीकडून सील असलेली बेअरिंगं असतात आणि ती कुठेही मिळतात. यात एक खोच आहे. लेथवर गेल्यावर असा संवाद होतो:

‘काका, बेअरिंग सैल बसतंय, शाफ्ट झिजलाय. बुश मारून देऊ?’

‘थांब रे, आधी व्हर्नियर लाव. किती येतंय?’

‘पंधरा पॉइंट सत्त्याऐंशी.’

हा शाफ्ट झिजलेला नाही, तो मुळातच पाच अष्टमांश इंची आहे. साध्या ६२०३ चा बोअर १७ मिलिमीटर, म्हणून ते सैल लागतं. बाहेरून ४० मिलिमीटरच, पण आतून पाच अष्टमांश इंची असं बेअरिंग वेगळं येतं; ६२०३-१० म्हणून मागा. बुश (मधली पोकळी भरणारी नळी) मारलेलं काही दिवस चालतं, मग बुश फिरायला लागतो आणि शाफ्ट खरोखर झिजतो.

बेल्टचंही तसंच. अमेरिकन बेल्टवर ४एल५४० लिहिलेलं असतं: ४एल म्हणजे अर्धा इंची रुंदी आणि ५४० म्हणजे बाहेरून ५४ इंच. आपल्याकडच्या ए-५२ मधले ५२ इंच आतून मोजलेले असतात. ए बेल्टमध्ये आत-बाहेरचा फरक सुमारे दोन इंचांचा, म्हणून ४एल५४० च्या जागी ए-५२ लागतो, ए-५४ नाही. बी बेल्टला, म्हणजे ५एल ला, हा फरक तीन इंचांचा. जुना ताणलेला बेल्ट मोजून नवा आणू नका. सगळ्या पुल्यांवरून बारीक लवचिक वायर फिरवून माप घ्या, आयडलर मधल्या जागी ठेवून. दोरी ताणते, ती वापरू नका. आणि साधा गिरणीचा बेल्ट मोअरवर लवकर जातो, कारण इथे आयडलर त्याच्या पाठीवर चालतो आणि क्लच लागताना दरवेळी झटका बसतो. आतून अरामिड (केव्हलरसारखा, न ताणणारा) दोरा असलेला बेल्ट मागा. नागपूरची पिक्स कंपनी बागयंत्रांसाठी खास बेल्ट बनवते.

चढवणं आणि चाचणी

डेक टांगल्यावर बेल्ट चढवण्याआधी इंजिनच्या पुलीच्या खाचेतून डेकच्या पुलीपर्यंत दोरा ताणून बघा. डेक नेहमीच्या कापणीच्या उंचीवर असताना दोरा दोन्ही खाचांत सरळ बसला पाहिजे. पूर्ण उचलल्यावर थोडा कोन येणारच, तेव्हा क्लच सोडलेला असावा.

मग लेव्हल. पाती आडवी करून दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या टोकांची उंची मोजा. फरक एका सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) आत हवा. नंतर पाती पुढे-मागे करा. पुढचं टोक मागच्यापेक्षा एक ते दोन सूत खाली ठेवा, म्हणजे गवत एकदाच कापलं जातं आणि इंजिनवर ओझं येत नाही.

पहिली चाचणी पाती न लावता घ्या, अर्ध्या थ्रॉटलवर, आसपास कुणी उभं नसताना. पाच-सात मिनिटं चालवून बंद करा आणि प्रत्येक स्पिंडलवर हात ठेवा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग तिरपं बसलंय किंवा बेल्ट फार ताणलाय. मग पाती लावा, बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा, पुन्हा चालवा. क्लच सोडल्यावर पाती पाच-सात सेकंदांत थांबली नाहीत तर ब्रेक नीट होईपर्यंत गवतात नेऊ नका. सीटवरून किंचित उठून स्विच काम करतो का तेही याच वेळी बघा.

पहिल्या दोन-तीन कापण्यांनंतर सगळे बोल्ट आणि बेल्टचा ताण पुन्हा तपासा. नवा बेल्ट थोडा वाढतो. पावसाळ्यात प्रत्येक वेळी काम संपलं की खोका आतून लाकडी पट्टीने खरवडा. पाण्याचा जोराचा फवारा स्पिंडलवर मारू नका, सील ओलांडून पाणी आत जातं. आणि बेअरिंग, बेल्ट, पाती यांचे नंबर, टांगणीची मापं, पात्यांची दिशा हे सगळं हुडच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. कागद हरवतो, आणि पुढचा बेल्ट आणायला कदाचित दुसरंच कुणी जाणार असतं.